झाकणावरचा हिरवा ठिपका

वरच्या आळीत घर कुणाचंही असो, अंगणातल्या चेंबरच्या सिमेंटच्या झाकणावर एक हिरवा ठिपका दिसायचा, आणि तो देण्याचा अधिकार गावात एकट्या टाकीवालीला होता. बशीएवढा ठिपका, ऑइलपेंटचा, उन्हापावसात न उडणारा. ठिपका म्हणजे या घरचं सांडपाणी खरोखर ओढ्याकाठच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतं, नुसतं म्हणायला नाही.

गाव उतारावर वसलेलं. वर एक आळी, खाली एक आळी, खालच्या आळीच्या टोकाला विहीर आणि त्यापलीकडे ओढा. पूर्वी वरच्या आळीतलं प्रत्येक घर आपलं पाणी अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडायचं आणि वर फरशी टाकली की प्रश्न मिटला असं समजायचं. प्रश्न मिटत नव्हता, उतारावरून खाली जात होता. खालच्या आळीची पोटं कायम बिघडलेली असायची आणि वरची आळी त्यांना हात धुवायचे धडे द्यायची.

मग केंद्र झालं. ओढ्याकाठी गाळ खाली बसवायची एक टाकी, तिच्यापुढे वाळू-खडीचा लांबरुंद वाफा, वाफ्यात माणसाच्या उंचीचे बोरू, वेतासारखं गवत. घाण पाणी एका बाजूने शिरायचं, मुळांमधून रेंगाळत जायचं आणि दुसऱ्या बाजूने ओढ्यात पडायचं तेव्हा त्याला वास नसायचा. जाळीवरचा कचरा काढणं, गाळ उपसणं, बोरू छाटणं, बाहेर पडणारं पाणी बाटलीत धरून उजेडात बघणं, ही सगळी कामं टाकीवालीची. केंद्रालगतच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायचा लोकांनाही आता कंटाळा आला होता.

ही नोकरी तिला मिळाली ती थोरल्या भावामुळे. बाईमाणूस गाळात उतरणार का, असा सूर गावच्या पाणी समितीत निघाला तेव्हा दादा उभा राहून म्हणाला होता की माझ्या बहिणीला वास येत नाही असं नाही, पण ती नाक मुरडत नाही, तुमच्यापैकी कोण उतरतो ते सांगा. कुणी उतरणार नव्हतं. दादा गावातला नळाचा मिस्त्री. हाताला चांगला, तोंडाला त्याहून चांगला, आणि ज्याच्या घरी काम काढेल त्या घरी दुपारपर्यंत घरचाच होऊन जाणारा. वरच्या आळीची सगळी लाइन त्यानेच टाकली.

ठिपक्याची पद्धत मात्र तिची. मिस्त्रीने जोडलं म्हटलं म्हणून पाणी पोचलं असं होत नाही, हे तिने पहिल्याच सभेत सांगितलं होतं. प्रत्येक घरी ती स्वतः जायची, मोरीत चमचाभर हिरवी पूड टाकून वर बादलीभर पाणी ओतायची आणि उतारावरून जवळजवळ पळत केंद्राजवळच्या शेवटच्या चेंबरपाशी यायची. तिथे हिरवं पाणी आलं की परत चढून जायचं आणि झाकणावर ठिपका द्यायचा. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, निम्म्या गावाच्या कवळ्या त्यांच्या हातच्या. स्वतःच्या मोरीत रंग पडताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, की हे कवळीला लागलं तर किती दिवस टिकतं.

सगळ्यांत शेवटी राहिलं ते दादाचं घर, म्हणजेच आईचं, म्हणजे टाकीवाली जिथे लहानाची मोठी झाली ते. ती पुडीचा डबा आणि ब्रश घेऊन पोचली तेव्हा दादाने चर बुजवून माती थापून ठेवली होती आणि पायरीवर पाय पसरून बसला होता.

"घे, आता सख्ख्या भावालाही रंग लाव," तो म्हणाला. "गावभर पाइप टाकले आणि घरचा तेवढा खिशात घालून ठेवला मी. होय ना गं, धाकटे?"

आई दारात उभी होती, ती हसली. म्हणाली, सकाळपासून वणवण करतेस, हात धू, जेवून घे. टाकीवालीलाही हसू आलं. पाय खरंच दुखत होते. खाली शेवटच्या चेंबरपर्यंत जाऊन परत चढायचं, तेही दादाच्या हातचं काम बघायला, हे तिचं तिलाच वेड्यासारखं वाटलं. तिने ब्रश बुडवला, झाकणावर ठिपका दिला आणि आत जेवायला गेली.

वर्ष चांगलं गेलं. खालच्या आळीतल्या लोकांनी पाणी उकळायची पातेली दुसऱ्या कामाला लावली. विहिरीच्या पाण्याचा अहवाल चांगला आला. त्या आळीत टाकीवालीची मावशी राहायची, आईची पाठची बहीण. टाकीवाली रोज काम उरकून तिच्याकडे जायची आणि मावशी तिला खुर्चीवर बसवून, पाहुण्यासारखं सगळं हातात आणून द्यायची.

एक गोष्ट मात्र टाकीवालीला लागायची. आई रोज सकाळी मावशीला फोन करायची, आणि इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या की विचारायची, पाणी उकळून पितेस ना. साऱ्या गावाने उकळणं सोडलं तरी आईचं विचारणं सुटलं नाही. एकदा टाकीवालीने तोंडावर बोलून दाखवलं, की परक्यांचा विश्वास बसला, तुझा तेवढा बसत नाही.

"तुझ्यावर आहे गं," आई म्हणाली. "पाण्यावर नाही."

मावशी फोनवर हो हो म्हणायची आणि उकळायची नाही. माझी भाची टाकीवर बसलेली असताना मी कशाला गॅस जाळत बसू, असं ती शेजारणींना सांगायची.

दुसऱ्या वर्षी विहीर खूप आटली आणि त्याच सुमारास मावशी आजारी पडली. साधं पोट बिघडलं असेल म्हणता म्हणता तिला सलाइन लावायची वेळ आली. मागोमाग आळीतली आणखी माणसं पडली. विहिरीचं पाणी तपासायला गेलं, आणि अहवालात जे आलं ते मैल्याशिवाय दुसरीकडून येत नाही. विहिरीचं पाणी धुण्यापुसण्यापुरतं ठेवलं, प्यायचं पाणी टँकरने येऊ लागलं. खालच्या आळीने एकच धोशा लावला, की केंद्र गळतंय. वरच्यांची घाण आधी विखुरलेली होती, आता ती एका जागी गोळा करून आमच्या उशाशी आणून ठेवलीय. समितीने शनिवारी सभा लावली. विषय एकच, केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं. बंद झालं असतं तर वरची आळी पुन्हा शोषखड्ड्यांवर गेली असती, आणि टाकीवालीची नोकरी, दोन खोल्या आणि गावातली पत, तिन्ही एका दिवसात गेली असती.

केंद्र गळत नव्हतं. तिने टाकी रिकामी करून आत उतरून भिंती हाताने चाचपल्या, वाफ्याच्या कडा उकरून पाहिल्या. म्हणजे पाणी दुसरीकडून येत होतं, आणि तिचा संशय कोंबडीवाल्यावर गेला. वरच्या आळीच्या टोकाला त्याची शेड होती, ती धुतली की पाण्याचा लोट निघायचा. ठिपका त्यालाही होता, पण नंतर याने गुपचूप वेगळी वाट काढून दिली असणार, असं तिच्या डोक्यात बसलं. आणि डोक्यात बसलं ते तिने टँकरच्या रांगेत, चार माणसांत, त्याला सुनावलं.

कोंबडीवाला कमी बोलणारा. रिकामा कॅन खाली ठेवून तो म्हणाला, "रंग टाक की. कोंबड्यांचं काही म्हणणं नाही."

तिने टाकला. अर्धी रांग तिच्यामागून शेवटच्या चेंबरपर्यंत आली होती. हिरवं पाणी आलं, नेहमीच्या वेळेत आलं, आणि इतकं स्वच्छ हिरवं आलं की कुणीतरी मागे खाकरलं. तिने कोंबडीवाल्याची तिथल्या तिथे माफी मागितली. तो म्हणाला की असू दे, पण बाकीच्यांचं सगळ्यांचं असंच स्वतः बघितलं होतंस ना.

हो म्हणताना ती थांबली नाही. थांबली ती परत जाताना. एकेक घर तिने आठवून पाहिलं. डॉक्टरांकडे कवळीचा विनोद, शिंपिणीकडे मोरीत पडलेली कात्री, एका घरी कुत्रं अंगावर आलं होतं, एकीकडे दोनदा टाकावा लागला कारण मध्येच नळ गेला. प्रत्येक घराची काही ना काही आठवण होती. दादाच्या घरची होती ती फक्त जेवणाची.

ती तशीच पूड घेऊन वर गेली. दादा कामावर गेला होता. आई स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसली होती. तिने डब्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात बघू लागली. आज कशाला, असंसुद्धा विचारलं नाही. टाकीवालीने मोरीत पूड टाकली, बादली ओतली, खाली गेली आणि शेवटच्या चेंबरपाशी उभी राहिली. पाणी आलं, रोजचं राखाडी. ती उभीच राहिली. ऊन सरकलं, सावली तिच्यावरून पलीकडे गेली, पाणी राखाडीच होतं.

मग तिने परत वर जाऊन आपल्याच हातचा ठिपका असलेलं झाकण पहारीने उचललं. आत कोरडं होतं. थापीच्या खुणा काल काम केल्यासारख्या ताज्या दिसत होत्या, आणि पाइपच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

दादा संध्याकाळी अवजारांच्या खोलीत सापडला. पाइपला आटे पाडत होता. त्याने नाकारलं नाही, हे तिला आधी बरं वाटलं. तो सांगत गेला. खाली खडक लागला, छिन्नीला दाद देईना. मशीन लावायचं तर न्हाणीघराची भिंत गेली असती. लोकांची कामं अडलेली, समिती मागे लागलेली. म्हटलं जुना शोषखड्डा आहेच, पुढच्या महिन्यात बघू. मग तो महिना आलाच नाही. विहीर भरलेली होती तोवर कुणाला कळलंही नाही.

"आणि मी रंग टाकला असता तर?"

दादाने पाइपवरचं तेल फडक्याने पुसलं. "तू टाकणार नव्हतीस."

तो हे कुजकटपणे बोलला नाही. पाइपला उतार किती द्यायचा हे जसं त्याला बघून कळायचं, तसंच हेही त्याला आधीच कळलेलं होतं. तिने विचारलं, की आईला ठाऊक आहे का.

"घरातलं पाणी कुठे जातं हे घरच्या बाईला कळणार नाही होय?"

त्याचं म्हणणं होतं की पाइप होता, मध्यंतरी फुटला, असं सांगून टाकू. आठवड्यात खरा पाइप घालतो, विषय संपला. ती नाही म्हणाली. मावशीच्या हातात सुई जाताना ती शेजारी उभी होती, हे तिने त्याला सांगितलं. दादा मान खाली घालून बसला. शेवटी म्हणाला, बरं, पण मला सांगू दे. तू सांगितलंस तर बहिणीने भावाला उघडं पाडलं असं होईल. चूक माझी, मी माझ्या तोंडाने सांगतो. एवढं तरी करू दे मला.

हे तिला पटलं. नुसतं पटलं नाही, घरी जाताना तिला दादाचा थोडा अभिमानही वाटला.

शनिवारी दुपारी शाळेच्या दालनात सभा भरली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीशी आणून बसली होती. आई पुढच्या रांगेत होती. अध्यक्षांनी विषय वाचताच दादा उठला आणि म्हणाला की विहिरीत जातंय ते आमच्या घरचं पाणी आहे. टाकीवालीने डोळे मिटून घेतले, कारण आता अवघड भाग संपला होता.

"जोडणी मी केली होती," दादा पुढे म्हणाला. "जमीन बसली असेल, सांधा निखळला असेल, मला घरात बसून दिसत नाही. पण काम झाल्यावर आपल्या नियमाप्रमाणे तपासणी झाली, ठिपका मिळाला. ठिपका कोण देतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी बहिणीला दोष देत नाही. पण दर महिन्याला लाइन बघायचं काम कुणाचं, हे समितीने बघावं."

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि रंग टाकला होता का, असं विचारलं. त्यांचा प्रश्न टाकीवालीला होता. उत्तर आईने दिलं.

"टाकला होता. मी दारातच उभी होते."

दारात उभी होती, एवढं खरं होतं. टाकीवाली आईच्या पाठीकडे बघत राहिली. पाठ ताठ होती, डोक्यावरचे केस नीट विंचरलेले होते, आणि आवाज अगदी तोच होता ज्या आवाजात ती जेवून घे म्हणायची. टाकीवालीला कळलं की हे दोघांनी घरी ठरवलं असणार. स्वयंपाकघरात, ताटं वाढून, आता ती गप्प बसेल असं म्हणून. गप्प बसली असती तर तिने न पाहिलेलं पाहिलं असं ठरलं असतं, आणि गावातले सगळे ठिपके त्याच मापाचे झाले असते.

ती उठली. "रंग टाकला नव्हता," ती म्हणाली. "बाकी प्रत्येक घरात टाकला, तिथे नाही टाकला. भावाचं घर म्हणून न बघता ठिपका दिला. आणि तिथे जोडणी कधी नव्हतीच. मी झाकण उघडून बघितलंय."

"म्हणजे वर्षभर आम्ही तुमच्या घरचा पाहुणचार घेत होतो म्हणायचा," खालच्या आळीतल्यांपैकी कुणीतरी बोललं. कुणी हसलं नाही. मग एकदम सगळेच बोलू लागले. ही म्हणते नव्हती, तो म्हणतो होती, बहीणभावाचं भांडण गावाच्या डोक्यावर का, केंद्रच बंद करा. दादा हात वर करून सगळ्यांना शांत करत होता, आणि ते त्याला नेहमीसारखं छान जमत होतं.

कोंबडीवाला मागून म्हणाला, "इथे बसून काय कळणार? झाकण जड नाहीये."

सगळी सभा चढ चढून वर गेली. पहार आणायला दादा हलला नाही, तेव्हा कोंबडीवाल्याने अंगणातूनच ती उचलली. झाकण सरकलं. जाळं तसंच होतं, कोळी फक्त कोपऱ्यात सरकला. डॉक्टरांनी वाकून हात घातला. पाइप कोपरभर आत गेला होता, त्यापुढे खडक.

"याला मूळच नाही," ते म्हणाले आणि हात रुमालाला पुसत बसले.

टाकीवालीला वाटलं होतं की आता दादा तिच्याकडे बघणार नाही. पण तो बघत होता, आणि त्याच्या नजरेत लाज नव्हती, तक्रार होती. काहीतरी ठरलं होतं आणि ते तिने मोडलं, अशी. आई केव्हाच आत निघून गेली होती.

केंद्र चालू ठेवायचं ठरलं. दादाने आठवड्यात खडक फोडून लाइन जोडायची, नाहीतर घराचं पाणी तोडायचं. सगळे ठिपके खरवडून प्रत्येक घर पुन्हा तपासायचं, आणि यापुढे पुडीचा डबा टाकीवालीकडे राहणार नाही, कोंबडीवाल्याकडे राहील. हे सांगताना अध्यक्ष तिच्याकडे न बघता बोलले. तिला ते वाजवी वाटलं. डबा घेताना कोंबडीवाल्याने तो दोन्ही हातांत धरला, अंडी धरावीत तसा, आणि म्हणाला की घरोघर तूच चल बरोबर, मला पूड किती टाकायची ते कुठे कळतं.

रविवारी सकाळी मावशीने निरोप धाडला, लवकर ये. ती अजून अशक्त होती, सभेला आली नव्हती, आणि शेजारणींपैकी कुणी तिला काही सांगायचं धाडस केलं नव्हतं. फरशी पुसायला म्हणून तिने विहिरीचं पाणी मागवलं होतं. बादली स्वयंपाकघरात मधोमध ठेवलेली. खिडकीतला उजेड पाण्यावर पडला होता आणि पाणी हिरवं होतं. फार नाही, पण बघणाऱ्याला कळेल इतकं.

"हा तुझाच रंग ना?" मावशीने विचारलं. "कुणाकडे टाकला होतास?"

टाकीवालीने सांगितलं. खडक, ठिपका, सभा, सगळं. मावशी भिंतीला टेकून ऐकत होती. दादाचं नाव आलं तेव्हा तिने फक्त मान हलवली. पोरगा पहिल्यापासून काम अंगाबाहेर टाकणारा, असं काहीतरी पुटपुटली. मग तिने विचारलं, "ताईला ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मावशी म्हातारी होती, आजारी होती, आणि तिला ही एकच बहीण होती. मोरीत रंग न टाकता झाकणावर ब्रश फिरवणंही असंच सोपं होतं.

"होतं," टाकीवाली म्हणाली. "पहिल्यापासून."

मावशी बादलीकडे बघत राहिली. "म्हणून उकळून पी म्हणायची," ती हळूच म्हणाली. "रोज. आणि मी आपली तुझ्यावर भरवसा ठेवून उकळत नव्हते."

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. रोजची वेळ होती ती. दोघींनी फोनकडे पाहिलं. तो वाजत राहिला, ओट्यावर थोडा थोडा सरकत राहिला. टाकीवालीला वाटलं मावशी तो उचलणार नाही. पण मावशीने भिंतीचा आधार सोडला, दोन पावलं पुढे आली आणि फोन कानाला लावला. पलीकडचं बोलणं तिने मध्ये न बोलता ऐकून घेतलं, तब्येतीचं, औषधाचं, जेवणाचं. मग पलीकडून तो नेहमीचा प्रश्न आला असावा.

"पाणी हिरवं आलंय, ताई," मावशी म्हणाली. "उकळलं की जाईल का ते?"

आणि तिने फोन कानावरून काढला नाही.